कोण कुठे बसले होते? : स्टिरिओच्या कसोटी-ध्वनिमुद्रिकांचा मागोवा

नवे स्पीकर घरात आले, तारा जोडून झाल्या, दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, की पहिला प्रश्न येतो तो हा, की आता लावायचे काय? आवाज गोड आहे की कर्कश, हे ओळखीच्या कोणत्याही गाण्यावर कळते. स्टिरिओचे खरे कसब मात्र त्याच्या पुढचे आहे. डोळे मिटले की स्पीकर जागेवर नाहीतच असे वाटावे, गाणारा नेमका मध्ये बसलेला ऐकू यावा, तबला त्याच्या एका अंगाला, हार्मोनियम दुसऱ्या अंगाला, तानपुरे जरा मागे. प्रत्येक आवाजाला अशी ठाम जागा मिळणे म्हणजे इमेजिंग, आणि त्या साऱ्यांभोवती जाणवणारी रुंदी आणि खोली म्हणजे साउंडस्टेज. या दोन गोष्टी पारखण्यासाठी जगभरचे हौशी श्रोते फिरून फिरून त्याच काही ध्वनिमुद्रिकांची नावे घेतात. ‘जॅझ ॲट द पॉनशॉप’, ‘द ट्रिनिटी सेशन’, ‘अम्यूज्ड टू डेथ’, ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही त्यांतली ठळक. ही यादी कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. तिच्यामागे जवळजवळ दीड शतकाची वाटचाल आहे, आणि त्या वाटेवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो. ध्वनिमुद्रण झाले तेव्हा कोण कुठे बसले होते, आणि ते आपल्याला ठाऊक आहे का? ज्या मुद्रिकेबाबत याचे उत्तर मिळते तीच कसोटीला उपयोगी, असे माझे ठाम मत आहे. ते मत कसे बनले हे सांगण्यासाठी आपण मुळापासून निघू.

आवाजाची दिशा कानाला कशी कळते, हा प्रश्न स्पीकरपेक्षा कितीतरी जुना आहे. ज्याच्या नावाची नळी अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत पाहिलेली असते, त्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन पदार्थवैज्ञानिकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोकळ्या कुरणात एका श्रोत्याला उभे केले आणि बासरी किंवा घंटा वाजवत तो त्याच्याभोवती फिरला. दोन कानांना कमीजास्त जोराने आवाज पोचतो, त्या फरकावरून दिशा कळते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १९०७ साली लॉर्ड रॅले यांनी त्याला दुसरी बाजू जोडली. उंच स्वरांना डोक्याचा आडोसा होतो, म्हणून तिथे जोरातला फरक कामी येतो. खालच्या स्वरांच्या लांब लहरी डोक्याला वळसा घालून जातात, तिथे कान वेळेतला फरक पकडतात. हा फरक जास्तीत जास्त किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा सुमारे दोन-तृतीयांश. स्पीकर पारखताना आपण ज्याला ‘जागा’ म्हणतो, तिचा सगळा पसारा एवढ्याशा अवकाशात मावतो.

रॅले यांच्या निबंधाच्या कितीतरी आधी, १८८१ साली, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या अभियंत्याने दोन कानांचे ऐकणे प्रत्यक्ष घडवून दाखवले होते. ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या दिव्यांच्या रांगेत त्याने टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. तिथे श्रोत्याने दोन श्रवणिका घ्यायच्या, डावी डाव्या कानाला आणि उजवी उजव्या कानाला. त्या दोहोंना रंगमंचाच्या वेगवेगळ्या भागांतले प्रेषक जोडलेले होते. गायिका मंचावर इकडून तिकडे चालू लागली की ऐकणाऱ्याला ती चालताना कळे. लोक रांगा लावून उभे राहिले. यातून १८९० मध्ये ‘तेआत्रोफोन’ ही वर्गणीदारांसाठीची सेवा निघाली आणि १९३२ पर्यंत चालली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तही तिचा वर्गणीदार होता. ध्यानात घ्यायचे ते असे की यात काहीच साठवले जात नव्हते. रंगमंचावर खरी माणसे खऱ्या जागी उभी होती आणि कान थेट त्यांच्याशी जोडलेले होते. जागेबद्दल शंका घ्यायला वावच नव्हता.

साठवलेल्या आवाजाची जाहीर कसोटी लावण्याचा मान एडिसनच्या कंपनीकडे जातो. १९१५ ते १९२५ या काळात अमेरिकेतल्या शहरोशहरी तिने ‘टोन टेस्ट’ घेतल्या. मंचावर गायिका आणि तिच्या शेजारी डायमंड डिस्क यंत्र. ती गाता गाता थांबे, यंत्र गाणे पुढे चालू ठेवी. कधी दिवे मालवले जात आणि ते पुन्हा लागले की गायिका मंचावरून निघून गेलेली असे. मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे ओळखता येत नाही, असे वर्तमानपत्रे लिहीत. या प्रयोगांतली एक प्रमुख गायिका ॲना केस हिने उतारवयात सांगितले की, ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असे. कसोटीचा माल आणि कसोटीचा दगड एकाच दुकानातून आले की काय होते, ते इथे पहिल्यांदा दिसले. पुढे शंभर वर्षांत ते अनेकदा दिसणार होते.

आता आपण या कथेच्या गाभ्याशी येतो. ॲलन डाउअर ब्लूमलाइन हा लंडनचा अभियंता १९०३ साली जन्मला. १९३१ मध्ये तो नुकत्याच स्थापन झालेल्या ईएमआय कंपनीत होता. त्या वर्षी भावी पत्नी डोरीनबरोबर चित्रपट पाहताना त्याला एक गोष्ट खटकली, अशी हकीकत सांगितली जाते. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडच्या एकुलत्या एका भोंग्यातून. आवाज नटाच्या मागोमाग चालला पाहिजे, असे त्याने तिथेच ठरवले. १४ डिसेंबर १९३१ रोजी दाखल झालेल्या ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५ मध्ये त्याने सत्तर दावे मांडले. एकाच जागी, एकमेकांशी काटकोन करून ठेवलेले दोन मायक्रोफोन, प्रत्येकाची ऐकण्याची कक्षा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. खोबणीच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र आवाज कोरणारी तबकडी. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली त्याची सूक्ष्म दृष्टी अशी, की दोन स्पीकरांच्या जोरात योग्य फरक ठेवला, तर ऐकणाऱ्याच्या कानापाशी पोचेपर्यंत त्यातूनच वेळेचा फरक आपोआप तयार होतो. दोन्हीकडून सारखाच आवाज आला तर तो कोणत्याच स्पीकरमधून न येता मधल्या रिकाम्या जागेतून येतो. आज आपण ज्याला ‘फँटम सेंटर’ म्हणतो ते हेच.

ब्लूमलाइनच्या चमूने या कल्पनेची परीक्षा कशी घेतली, हे सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण स्टिरिओचे इमेजिंग तपासण्यासाठी केलेल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ही. १९३३ च्या अखेरीस हेज इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी मेणाच्या तबकड्यांवर आवाज घेतले. गाणारे कुणी नव्हते, अभियंतेच मायक्रोफोनसमोर बोलत होते. १९३५ मध्ये त्यांनी स्टिरिओ आवाजाचे छोटे चित्रपट काढले. त्यांतल्या ‘वॉकिंग अँड टॉकिंग’मध्ये माणसे मंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत चालतात, तर दुसऱ्यात हेज स्टेशनवरून आगगाड्या जातात. यापेक्षा चोख कसोटी मला आजही सुचत नाही. चालणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच खड्डा पडल्यासारखा हरवत असेल, किंवा स्पीकरपाशी येताच त्याला चिकटून बसत असेल, तर दोष लगेच कळतो. शिवाय पडद्यावर माणूस दिसतच असतो, तेव्हा आवाज कुठे असायला हवा याबद्दल वाद उरत नाही. १९ जानेवारी १९३४ रोजी ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिककडून मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम करून घेत असताना तीही याच पद्धतीने मुद्रित झाली. मंदीच्या काळात कंपनीला या संशोधनात पैसा दिसला नाही. ब्लूमलाइन रडारच्या कामाकडे वळला आणि ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेणारे हॅलिफॅक्स विमान कोसळून वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेला. ते काम गुप्त असल्यामुळे त्याचे नावही बराच काळ झाकलेलेच राहिले.

अटलांटिकच्या पलीकडे बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर दुसऱ्या वाटेने चालले होते. रंगमंचापुढे मायक्रोफोनांचा पडदा टांगायचा आणि दूरच्या सभागृहात तितक्याच भोंग्यांचा पडदा उभा करायचा, असा मूळ विचार. अनुभवाने कळले की तीन वाहिन्यांवर भागते. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ॲलेक्झांडर स्मॉलन्स यांच्या संचालनाखाली वाद्यवृंद वाजत होता, आणि त्याचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तीन वाहिन्यांच्या बटणांपाशी बसले होते. संगीताखेरीजचे एक प्रात्यक्षिकही त्या प्रयोगांत होते. मंचाच्या डाव्या टोकाला एक कारागीर करवत-हातोडीने खोके ठोकतो आणि उजव्या टोकाहून दुसरा त्याला सूचना देतो. दूरच्या गावी बसलेल्या श्रोत्यांना रिकाम्या मंचावर ते दोघे जणू दिसत होते. हेजचे चालणारे अभियंते आणि फिलाडेल्फियाचा सुतार यांना मी कसोटी-मुद्रिकांचे मूळपुरुष मानतो. त्यांच्यात कला नव्हती, पण खोटेपणाही नव्हता.

१९४० मध्ये एक वळण आले. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी स्टोकोव्स्कींचा वाद्यवृंद अनेक पट्ट्यांवर मुद्रित झाला आणि १३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात ‘फँटासाउंड’ नावाने तो चित्रगृहभर फिरवला गेला. हे फिरवणे शक्य व्हावे म्हणून डिस्नेच्या अभियंत्यांनी एक साधन बनवले. एका आवाजाचा जोर दोन भोंग्यांत हवा तसा वाटून देणारी ती कळ होती, पुढे तिला ‘पॅनपॉट’ हे नाव पडले. तोवर आवाजाची जागा म्हणजे वाजवणारा बसला होता ती जागा. आता टेबलापाशी बसलेला माणूस बोटभर कळ फिरवून ती ठरवू लागला. आज ऐकल्या जाणाऱ्या बहुतेक संगीतातली ‘जागा’ या दुसऱ्या जातीची आहे. मी तिला कमी लेखत नाही, पण कसोटी घेणाऱ्याने दोन्ही जाती वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

युद्धानंतर चुंबकीय टेप आली आणि पहिली जात पुन्हा बहरली. मार्च १९५४ मध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये फ्रिट्झ रायनर यांच्या संचालनाखाली रिचर्ड स्ट्राउसच्या दोन रचना आरसीए कंपनीने मुद्रित केल्या. स्टिरिओ तबकडी बाजारात यायला अजून चार वर्षे होती, तरी ही मुद्रणे आजच्या पारखी श्रोत्यांच्या संग्रहात मानाने बसतात. त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये डेक्काचा रॉय वॉलेस हा अभियंता संचालक एर्नेस्ट आन्सरमे यांच्या डोक्यावर तीन मायक्रोफोनांचा एक सांगाडा टांगत होता. तो ‘डेक्का ट्री’ या नावाने पुढे जगभर गेला आणि चित्रपटांच्या पार्श्वसंगीतासाठी आजही वापरला जातो. मर्क्युरी कंपनीचे बॉब फाइन आणि विल्मा कोझार्ट यांनी वाद्यवृंदापुढे फक्त तीन मायक्रोफोन टांगण्याचा नेम धरला. मुद्रण कुठे आणि कसे झाले, याची माहिती ते वेष्टनावर छापत. ही सवय मला फार मोलाची वाटते. ऐकणाऱ्याला सभागृह कळले, मायक्रोफोनांची मांडणी कळली, मग डावीकडची व्हायोलिने आणि खोल मागचे ताशे कुठे असायला हवेत हे त्याला आधीच माहीत असते. तो स्पीकरची परीक्षा घेतो, स्वतःच्या कल्पनेची नाही.

तबकडी आली ती मात्र बाजाराच्या घाईने. वेस्ट्रेक्स कंपनीने १९५७ मध्ये खोबणीच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरणारे तंत्र दाखवले. त्याचे सार ब्लूमलाइनच्या पेटंटात सव्वीस वर्षांपूर्वीच आलेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑडिओ फिडेलिटीच्या सिडनी फ्रे यांनी मोठ्या कंपन्यांच्या आधी पहिली सार्वजनिक स्टिरिओ तबकडी काढली. एका बाजूला ड्यूक्स ऑफ डिक्सीलँडचा जॅझ, दुसऱ्या बाजूला आगगाड्यांचे आवाज. ती वाजवायला योग्य कार्ट्रिज तेव्हा दुकानांत मिळतही नव्हते. आगगाडीच का, हे आपल्याला हेज स्टेशनवरून आल्यामुळे लगेच कळते. दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्याला स्टिरिओ पटवायचे तर एका भिंतीतून येऊन दुसऱ्या भिंतीत शिरणारी गाडी पुरते. डेक्कानेही १९५८ मध्ये ‘अ जर्नी इनटू स्टिरिओ साउंड’ ही प्रात्यक्षिक तबकडी काढली. तिच्यातल्या निवेदकाचा आवाज पुढे १९८७ मध्ये एका रॅप गाण्याच्या रीमिक्समध्ये वापरला गेला आणि अगदी वेगळ्या पिढीच्या कानावर पडला.

या लाटेचे टोक म्हणजे इनॉक लाइट यांची ‘पर्सुएसिव्ह पर्कशन’. कमांड कंपनीची १९५९ ची ही तबकडी १९६० मध्ये बिलबोर्डच्या स्टिरिओ यादीत १३ आठवडे अव्वल राहिली. मुखपृष्ठ जोसेफ आल्बर्स या नामवंत चित्रकाराचे होते. बाँगो डावीकडे, गिटार उजवीकडे, सूर एकदा या स्पीकरमध्ये आणि लगेच त्या स्पीकरमध्ये, टेबल टेनिसच्या चेंडूसारखा. म्हणून या शैलीला ‘पिंग-पाँग स्टिरिओ’ असे नावही पडले. लाखो घरांनी याच तबकडीवर आपला ग्रामोफोन पारखला. कसोटी म्हणून मात्र ती दुबळी होती, असे मला वाटते. आवाज पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे असेल, तर तो बरोबर जागी आणायला स्पीकरला काहीच करावे लागत नाही, तिथे स्पीकर असतोच. कसब लागते ते मधल्या जागा भरायला आणि मागची खोली दाखवायला.

ती मधली जागा कशी भरावी, हे त्याच सुमारास व्हिएन्नात घडत होते. डेक्काचे निर्माते जॉन कुलशॉ यांनी १९५८ च्या शरदात झोफियनझाल या जुन्या सभागृहात वाग्नरचा ‘दास राइनगोल्ड’ ऑपेरा गेऑर्ग शोल्टी यांच्या संचालनाखाली मुद्रित केला. हे सभागृह मुळात स्नानगृह होते. नाचासाठी वर टाकलेल्या तक्तपोशीखाली जुने जलकुंड पोकळ राहिले होते, आणि त्याच पोकळीने तिथल्या आवाजाला ऊब दिली असे मानतात. कुलशॉ यांनी मंचाच्या जमिनीवर चौकोन आखून त्यांना आकडे दिले. कोणत्या ओळीला कोणत्या गायकाने कुठल्या चौकोनात असायचे आणि कुठे सरकायचे, हे स्वरलिपीबरोबर आधीच ठरलेले असे. वाग्नरने लिहिलेल्या अठरा ऐरणी त्यांनी खरोखरच आणवल्या. हा ऑपेरा ज्या ‘रिंग’ मालिकेतला आहे, तिचे चारही भाग पुरे व्हायला १९६५ उजाडले. मंचावर नट जसे फिरले असते तसे गायक इथे आवाजात फिरतात, आणि त्या फिरण्यामागे कागदावरचा आराखडा आहे. बुटक्यांच्या पाताळातल्या त्या ऐरणी चांगल्या स्पीकरांवर ओळीने, दूरवर पसरलेल्या ऐकू येतात. सामान्य स्पीकरांवर त्यांचा एकच लोखंडी गोंगाट होतो.

दरम्यान लोकप्रिय संगीत पॅनपॉटकडे झुकले होते. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या एलपीची स्टिरिओ आवृत्ती लावली तर वाद्ये एका बाजूला आणि गळे दुसऱ्या बाजूला ऐकू येतात. दोन ट्रॅक मुळात मोनो मिश्रणाचा तोल साधण्यासाठी होते, जागा दाखवण्यासाठी नव्हतेच. त्याहून वाईट प्रकार म्हणजे जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांचे खालचे स्वर एका वाहिनीत आणि वरचे दुसऱ्या वाहिनीत ढकलून त्यांना ‘स्टिरिओ’ म्हणून विकणे. कॅपिटॉल कंपनीने १९६१ पासून ‘ड्युओफोनिक’ नावाने हेच केले. अशा तबकडीवर स्पीकर पारखणारा माणूस चांगल्या स्पीकरांनाही नावे ठेवून बसेल.

याच गोंधळातून समीक्षेचे युग सुरू झाले. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ काढले. यंत्राचे मोजमाप छापण्यापेक्षा ते ऐकून काय वाटते हे लिहावे, हा त्यांचा आग्रह. १९७३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सी क्लिफ गावातून हॅरी पीअरसन यांचे ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ निघाले. खऱ्या सभागृहात, विद्युत यंत्रणेशिवाय वाजणारे संगीत हेच अंतिम माप, हे त्यांचे सूत्र नावातच होते. साउंडस्टेजची रुंदी, खोली, वादकांभोवतीची हवा अशी परिभाषा या दोन मासिकांनी रूढ केली. पीअरसन यांनी उत्तम मुद्रणांची यादी चालवली. तीत आरसीए आणि मर्क्युरीच्या जुन्या तबकड्या झळकल्या आणि अडगळीत पडलेल्या प्रतींना संग्राहकांच्या बाजारात भाव आला. इंग्लंडमध्ये त्याच दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी बाह्य प्रसारणाच्या गाड्यांत मावावा असा एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर घडवला. खोल खर्ज त्याला देता येत नसे, पण आवाजाच्या जागा तो इतक्या काटेकोर दाखवी की इमेजिंगच्या गप्पांत त्याचे नाव अजून निघते.

ज्या नावांनी आपण सुरुवात केली त्यांतले पहिले इथे प्रवेश करते. डिसेंबर १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या जुन्या पेठेतल्या ‘स्टाम्पेन’ या क्लबात गेर्ट पाल्मक्रांत्झ या ध्वनिमुद्रकाने आर्ने डोम्नेरुस आणि त्यांच्या साथीदारांचे वादन दोन नाग्रा यंत्रांवर टिपले. ती जागा एके काळी गहाणाचे दुकान होती, म्हणून ‘जॅझ ॲट द पॉनशॉप’. यात वाद्यांच्या बरोबरीने बशा, पेले, हलक्या गप्पा ऐकू येतात. चांगल्या स्पीकरांवर ही कुजबुज वादकांच्या भोवती आणि बाजूंना पसरते, त्यामुळे खोलीच्या भिंती उलगडतात. दुसरे नाव ‘द ट्रिनिटी सेशन’. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरोंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये काउबॉय जंकीज हा समूह एकाच कॅल्रेक मायक्रोफोनभोवती बसला, आणि तोल साधायचा तो वादकांना पुढे-मागे सरकवून. पण मार्गो टिमिन्स हिचा आवाज थेट नाही. ती मायक्रोफोनमध्ये गाते आणि चर्चमध्ये ठेवलेल्या स्पीकरमधून तिचा आवाज मुख्य मायक्रोफोनपर्यंत पोचतो. गळ्याची जागा इतकी आटोपशीर का ऐकू येते, त्याचे उत्तर या मांडणीत आहे. हे न कळता कुणी “गळा नैसर्गिक वाटत नाही” म्हणून स्पीकर नाकारला, तर दोष स्पीकरचा नाही.

इथे आपल्या घराकडे वळू. मराठी माणसाच्या संगीतसंग्रहातला मोठा ठेवा मोनो आहे. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यागणिक गेलेले ‘गीतरामायण’, केसरबाई केरकरांची ध्वनिमुद्रणे, सगळे एकाच वाहिनीतले. पुढे डमडमच्या कारखान्यातून निघणाऱ्या एचएमव्हीच्या एलपींवर ‘ईएएलपी’ म्हणजे मोनो आणि ‘ईएएसडी’ म्हणजे स्टिरिओ, हे क्रमांकाआधीच्या अक्षरांवरून जुने संग्राहक झटकन सांगतात. मोनो आहे म्हणून हा ठेवा कसोटीला निरुपयोगी, असे अनेकांना वाटते. मला वाटते तो कसोटीची पहिली पायरी आहे. दोन्ही स्पीकरांना नेमका तोच आवाज मिळतो, तेव्हा गळा मधोमध, अरुंद आणि स्थिर उभा राहिलाच पाहिजे. तो फुगलेला वाटला, किंवा वरच्या षड्जावर गेला की एका बाजूला झुकला, तर दोन स्पीकर एकसारखे नाहीत, नाहीतर खोलीची एक भिंत काच आणि दुसरी पडदा असा काही असमतोल आहे. जुनी मोनो तबकडी स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली तर आणखी एक मौज कळते. खोबणीचा खरखराट दोन्ही बाजूंना पसरतो आणि गाणे त्याच्या मधून वेगळे काढल्यासारखे मध्यभागी राहते.

आवाज फिरतो म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांना घरात नव्हे, चित्रगृहात कळले. १९७५ साली आलेल्या ‘शोले’च्या ७० मिमी प्रती स्टिरिओफोनिक होत्या. मुंबईच्या मिनर्व्हात हा चित्रपट पाच वर्षे चालला, आणि नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्च्यांखाली वाकून पाहत, असे सांगितले जाते. हेजच्या आगगाडीचीच ही जात.

भारतीय संगीताचे जे मुद्रण कसोटीच्या जागतिक यादीत पोचले, ते मात्र कॅलिफोर्नियात झाले. कविचंद्रन अलेक्झांडर यांनी सांता बार्बरात ‘वॉटर लिली अकूस्टिक्स’ ही छोटी संस्था उभी केली आणि भारतीय कलावंतांना व्हॅक्यूम ट्यूबच्या यंत्रणेवर, ब्लूमलाइनच्या पद्धतीने मुद्रित करायचे व्रत घेतले. सप्टेंबर १९९२ मध्ये तिथल्या एका चॅपेलमध्ये जयपूरचे पंडित विश्वमोहन भट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर प्रथमच एकत्र बसले. ओळख होऊन फार वेळ झाला नव्हता. मोहनवीणा, स्लाइड गिटार, सुखविंदर सिंग नामधारी यांचा तबला आणि कूडर यांचा मुलगा योआकिम याचा डुंबेक, इतकेच. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ चा ग्रॅमी मिळाला. १९३१ च्या पेटंटातली काटकोनी जोडी इथे दोन तंतुवाद्यांच्या संवादापुढे उभी आहे. दोन्ही वाद्ये तारांवर दांडी किंवा नळी सरकवत वाजवली जातात, त्यांचे स्वर जवळजवळ जुळ्यांसारखे. जागा स्पष्ट नसेल तर कोण बोलले आणि कोणी उत्तर दिले, हेच कळणार नाही. यापेक्षा उत्तम इमेजिंगची परीक्षा संगीताच्या अंगाने मला मिळालेली नाही.

त्याच सुमारास यंत्रनिर्मित कसोट्याही आल्या. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तयार झालेली ‘एलईडीआर’ नावाची संगणकी चाचणी १९९० च्या चेस्की चाचणी-सीडीवर घराघरांत पोचली. खुळखुळ्यासारखा एक आवाज स्पीकरच्या वर चढतो, कमानीतून पलीकडे जातो. तो वाटेत तुटला, तर खोलीतली परावर्तने आवाजाचा मार्ग बिघडवत आहेत असे समजायचे. १९९२ चा रॉजर वॉटर्स यांचा ‘अम्यूज्ड टू डेथ’ क्यूसाउंड या प्रक्रियेने रचला होता. त्यातले एक कुत्रे उजव्या स्पीकरच्याही पलीकडे कुठेतरी भुंकते. ते कुत्रे शेजारच्या घरात भुंकल्यासारखे वाटले, तर मांडणी जमली असे अनेक जण मानतात. ही कसोटी खोटी नाही, फक्त तिची जागा कळीने आणि गणिताने दिलेली आहे, मायक्रोफोनने नाही.

तर आज स्पीकर विकत घेताना किंवा खोलीत त्यांची जागा ठरवताना मी असा क्रम धरतो. आधी मोनो गळा, मग चालणारी माणसे किंवा ज्याची बैठक ठाऊक आहे असे थोड्या मायक्रोफोनांचे मुद्रण, आणि सर्वांत शेवटी स्टुडिओत रचलेली मोठी निर्मिती. शास्त्रीय गायनाच्या बाबतीत मात्र अडचण मोठी आहे. आपल्या मैफलींत गायक, तबला, हार्मोनियम, दोन्ही तानपुरे यांना प्रत्येकी स्वतंत्र मायक्रोफोन असतो. प्रकाशित मुद्रणात कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे, हे बहुधा मिश्रण करणाऱ्याने ठरवलेले असते. मैफलीचे चलचित्रण मिळाले आणि त्यातली बैठक आवाजाशी जुळली, तरच ते मुद्रण हाताशी ठेवावे. जुळली नाही तर ते गाण्यासाठी ऐकावे, स्पीकरसाठी नको. आपल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी मर्क्युरीसारखी एवढी एक ओळ वेष्टनावर किंवा ॲपवरच्या माहितीत छापायला सुरुवात करावी, असे मला फार वाटते. सभागृह कोणते, मायक्रोफोन किती, तबला गायकाच्या कोणत्या हाताला, आणि तानपुरे मागे होते की बाजूंना.